रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून गोळी बंद केली, आणि अण्णांच्या अंगावरून वारं गेलं

फळछाटणी (धागाकर्ता)

मंडळी, बरेच दिवस लिहायचं मनात होतं. जरा मोठं होईल, पण पूर्ण वाचा ही विनंती.

गेल्या ऑक्टोबरातली गोष्ट. तासगाव तालुक्यात आमची तीन एकर द्राक्षबाग आहे. फळछाटणीला बारा-तेरा दिवस झाले होते, फेल, म्हणजे वेलीची जादा फूट, काढायला बायका सांगितल्या होत्या, म्हणून अण्णा पाचलाच उठून बसले होते. आईनं चहा दिला. अण्णांना चहा बशीत ओतून प्यायची सवय. बशी उजव्या हातानं उचलली आणि ती हळूहळू कलत गेली, चहा सगळा मांडीवर. भाजलं तरी हूं की चूं नाही, नुसते बशीकडं बघत राहिले. आई म्हणाली, "अहो, सांडतोय की!" त्यावर ते काहीतरी बोलले, पण त्यात एकही शब्द ओळखू येईना. तोंडाची उजवी बाजू खाली आली होती.

मी पुण्यात नोकरीला. मला फोन आला सव्वासहाला. तोवर घरी गल्ली गोळा झाली होती. "वारं गेलंय अंगावरून." लकव्याला, म्हणजे स्ट्रोकला, आमच्याकडं असंच म्हणतात. आणि एकदा वारं म्हटलं की तेल कोमट करा, चोळा, शेक द्या, पांघरूण घाला. एकजण कबुतराचं रक्त चोळायचं म्हणून कबुतर आणायला निघालासुद्धा होता. ही सगळी आमच्या जिवाभावाची माणसं, अण्णांसाठी धडपडत होती. पण दोन तास त्यात गेले. मी फोनवर ओरडून १०८ ला कॉल करायला लावला. तालुक्याच्या ठिकाणी नेलं तर तिथं सीटी स्कॅन नाही. सांगलीत पोचेपर्यंत साडेअकरा. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन सुरुवातीच्या साडेचार तासांत द्यावं लागतं. आमचे सहा होऊन गेले होते.

डॉक्टरांनी जुने कागद मागितले. ते कपाटात, सातबारा आणि सोसायटीच्या पावत्यांच्या पिशवीत सापडले. दोन वर्षांपूर्वी गावात शिबिर झालं होतं, त्यातला कोलेस्टेरॉलचा रिपोर्ट: एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) १६२, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) ३१०, एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) ३१. त्या वेळी कोलेस्टेरॉलची गोळी, रोसुव्हास्टॅटिन १०, सुरू केली होती. तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी, एलडीएल ८४. त्या कागदावर सगळं 'नॉर्मल' मर्यादेत, एकही अंक ठळक केलेला नाही. अण्णांनी गोळी थांबवली. कुणी सांगितलं नाही, त्यांचं त्यांनीच ठरवलं: "आता नॉर्मल आलंय, उगं कशाला औषध पोटात घालायचं?" आणि मी फोनवर म्हणालो होतो, "बरं झालं." हे मीच म्हणालो होतो.

ॲडमिट केल्यावर एलडीएल आला १५८.

अजून एक. नवरात्रात, म्हणजे आठ-दहा दिवस आधी, बँकेत सही करताना त्यांचा हात चालेना. कॅशियरला नाव सांगताना जीभ जड झाली. दहा मिनिटांत सगळं ठीक. घरी येऊन म्हणाले, "उन्हानं झालं असंल." आम्हीही सोडून दिलं.

मला इथं विचारायचंय ते असं. लॅबच्या कागदावर छापलेला 'नॉर्मल' सगळ्यांना सारखाच असतो का? कोलेस्टेरॉल म्हटलं की आम्हाला हार्ट अ‍ॅटॅकच आठवतो, लकव्याशी त्याचा संबंध आहे हे घरात कुणाच्या गावीही नव्हतं. जाणकारांनी सांगावं. ज्यांच्या घरी असं घडलंय त्यांनीही लिहावं.

---

साळुंकी

वाचून हात थरथरले. माझ्या सासूबाईंचं अगदी हेच. त्यांना कुणीतरी सांगितलं की या गोळ्यांनी लिव्हर जातं, म्हणून त्या गोळी जिभेखाली धरून बेसिनमध्ये टाकायच्या. आम्हाला कळलं ते स्ट्रोकनंतर. अण्णा आता कसे आहेत?

---

स्टेथो

फळछाटणी, सगळं उघडपणे लिहिलंत, फार बरं केलंत. मी फिजिशियन आहे, निमशहरी भागात वीस वर्षं प्रॅक्टिस. तुमच्या वडिलांसारखी फाइल मी महिन्यातून एकदा तरी उघडतो, म्हणून सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट 'वारं' या शब्दाची. या एका शब्दात आपण दोन अगदी वेगळे आजार कोंबले आहेत. एकात मेंदूची रक्तवाहिनी तुंबते, दुसऱ्यात ती फुटते. बाहेरून दोन्हींत हात लुळा पडतो, तोंड वाकडं होतं, कुठला आहे ते सीटी केल्याशिवाय ब्रह्मदेवालाही सांगता यायचं नाही. तुंबण्याचं प्रमाण फुटण्याच्या कितीतरी पट जास्त, आणि कोलेस्टेरॉलचा मुख्य संबंध या तुंबण्याशी आहे.

ते तुंबतं कसं? एलडीएलचे कण रक्तवाहिनीच्या अस्तराखाली शिरतात आणि तिथंच अडकून खराब होतात. त्यांना साफ करायला पांढऱ्या पेशी येतात, गिळून गिळून फुगतात. सूक्ष्मदर्शकाखाली त्या फेसासारख्या दिसतात, म्हणून त्यांना फेसाळ पेशी म्हणतात. वर्षानुवर्षं हा थर साचत जातो. माणसाला काही जाणवत नाही, दुखत नाही, खुपत नाही. एक दिवस त्या थराला चीर जाते, तिथं रक्ताची गुठळी धरते. ती तिथंच वाट अडवते, किंवा तिचा तुकडा सुटून वर मेंदूत जाऊन बसतो. हृदयाला होतं तेच, नुसती जागा वेगळी.

बँकेतली ती दहा मिनिटं हा मिनी स्ट्रोक होता, आम्ही टीआयए म्हणतो. गुठळी आली आणि विरघळली. यानंतरचे पहिले दोन दिवस सगळ्यात धोक्याचे. 'आपोआप बरं झालं' म्हणून घरी बसू नका. बरं वाटत असतानाच धावत दवाखान्यात जायचं, असा हा एक आजार आहे.

आता 'नॉर्मल'. लॅब छापते ती सरसकट मर्यादा. एलडीएल किती हवा हे माणसावर ठरतं. कार्डिओलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियानं २०२४ मध्ये भारतासाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यांत धोका कमी असणाऱ्यांना १०० च्या खाली, मधुमेह किंवा रक्तदाब असलेल्या जास्त धोक्याच्या लोकांना ७० च्या खाली, आणि ज्यांना हार्ट अ‍ॅटॅक वा स्ट्रोक होऊन गेलाय त्यांना ५५ च्या खाली असं सांगितलंय. म्हणजे एकच ८४ एकाला उत्तम, तर दुसऱ्याला जास्त.

आणि मुख्य गोष्ट, तो ८४ गोळीमुळे आला होता. मोटर चालू आहे तोवर पाटाला पाणी. बंद केली की काही आठवड्यांत एलडीएल पुन्हा मूळ जागी. तुम्हाला दोष देत नाही. गोळी सुरू करणाऱ्यानं हे एक वाक्य सांगायला हवं होतं. आम्ही डॉक्टर तिथं कमी पडतो.

---

शंकेखोर

फळछाटणी, वडिलांना लवकर आराम पडो.

पण एक मुद्दा मांडतो, राग नसावा. १९९५ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात मोठा अभ्यास आला होता. ४५ अभ्यास एकत्र केलेले, साडेचार लाख लोक, १३ हजारांवर स्ट्रोक. निष्कर्ष असा की एकूण कोलेस्टेरॉल आणि स्ट्रोक यांचा संबंध सापडला नाही. मग गोळ्यांचा एवढा आग्रह का? माझ्या चुलत आजोबांचं कोलेस्टेरॉल २६० होतं, ८८ वर्षं जगले. माझी स्वतःची गोळी चालू आहे आणि मला खरंच उत्तर हवंय.

---

स्टेथो

शंकेखोर, रागाचा प्रश्नच नाही. हा प्रश्न अनेक वर्षं संशोधकांनाही छळत होता. तुम्ही सांगितलेला अभ्यास खरा आहे आणि आकडेही बरोबर आहेत.

गोम आहे ती वर लिहिलेल्या त्याच गोष्टीत: दोन आजार एका नावाखाली मोजले. अमेरिकेत एमआरफिट नावाच्या मोठ्या प्रकल्पासाठी साडेतीन लाखांवर पुरुषांची तपासणी झाली होती. त्याचं स्ट्रोकविषयीचं विश्लेषण १९८९ मध्ये छापून आलं. त्यात मृत्यूंचे दोन ढीग वेगळे केले. तुंबून होणारा स्ट्रोक कोलेस्टेरॉल वाढेल तसा वाढत गेला. फुटून होणारा मात्र १६० पेक्षा कमी कोलेस्टेरॉल असणाऱ्यांत जास्त दिसला, तोही ज्यांचा खालचा रक्तदाब ९० किंवा वर होता त्यांच्यात. आता दोन्ही ढीग एकत्र करा. एक रेघ वर जाते, एक खाली येते, बेरीज सपाट दिसते. शिवाय काही स्ट्रोक हृदयाच्या अनियमित ठोक्यांमुळे होतात. तिथं गुठळी हृदयातून येते, तिचा कोलेस्टेरॉलशी थेट संबंध नसतो. तेही त्याच बेरजेत.

खरा निकाल औषधांच्या चाचण्यांनी दिला. ब्रिटनमधल्या हार्ट प्रोटेक्शन स्टडीत २० हजारांवर लोक होते. निम्म्यांना सिम्व्हास्टॅटिन ४० (अण्णांच्या गोळीच्याच जातीची), निम्म्यांना दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी. पहिल्या गटात स्ट्रोक सुमारे चौथ्या हिश्श्यानं कमी. मग स्पार्कल नावाची चाचणी, २००६. यात ४७३१ लोक, सगळ्यांना स्ट्रोक किंवा टीआयए होऊन गेलेला, पण हृदयविकार माहीत नसलेला. ॲटोरव्हास्टॅटिन ८० (हीही त्याच जातीची) घेणाऱ्यांपैकी ११.२ टक्क्यांना पुन्हा स्ट्रोक झाला, न घेणाऱ्यांपैकी १३.१ टक्क्यांना. फरक चमत्कारासारखा नाही, पण खरा आहे, आणि हृदयाच्या झटक्यांतला फायदा वेगळाच.

त्याच स्पार्कलमध्ये मेंदूत रक्तस्राव गोळीच्या गटात ५५ जणांना, दुसऱ्या गटात ३३ जणांना झाला. हे लपवायचं कारण नाही. म्हणून ज्यांना आधी रक्तस्रावाचा स्ट्रोक झालाय त्यांच्याबाबत आम्ही जपून ठरवतो, आणि सगळ्यांचाच रक्तदाब ताब्यात ठेवायच्या मागे लागतो. लकव्याचं सगळ्यात मोठं कारण आजही रक्तदाबच.

फ्रान्स आणि दक्षिण कोरियात मिळून झालेली एक चाचणी २०२० मध्ये छापून आली. २८६० रुग्ण, एका गटाचा एलडीएल ७० च्या खाली ठेवला, दुसऱ्याचा ९० ते ११० मध्ये. पुढच्या मोठ्या घटना (स्ट्रोक, हार्ट अ‍ॅटॅक वगैरे) पहिल्या गटात ८.५ टक्के, दुसऱ्यात १०.९. वर मी '८४ जास्त' म्हणालो त्यामागं हे आहे.

आजोबांबद्दल आनंद आहे. असे लोक असतात. पण बी पेरताना आपण एका दाण्यावरून अंदाज बांधत नाही.

---

शंकेखोर

पटलं. दोन ढीग वेगळे करण्याचा मुद्दा मला कुणीच सांगितला नव्हता. मी दोन महिन्यांपासून एक दिवसाआड गोळी घेत होतो. आजपासून रोज. धन्यवाद.

---

मांडवी

मी गोव्याहून. आमच्याकडं नारळाशिवाय चूल पेटत नाही. डॉक्टरांनी बाबांना सांगितलं, नारळ बंद. बाबा म्हणतात, मग जेवूच कशाला? खरंच पूर्ण बंद करायला लागतं का?

---

करडई

मांडवी, मी आहारतज्ज्ञ आहे, मूळची सोलापूरची. मी रुग्णांना जे सांगते तेच लिहिते.

खोबरेल तेलात जवळजवळ ९० टक्के संतृप्त चरबी असते आणि ते एलडीएल वाढवतं. 'नैसर्गिक आहे' म्हणून त्यात फरक पडत नाही. तळणं आणि फोडणी यातून ते काढा. पण हुमणात, म्हणजे माशाच्या आमटीत, वाटलेलं ओलं खोबरं आणि पळीभर तेल एकच नव्हे. प्रमाण निम्म्यावर आणा, आठवड्यातले काही दिवस बिनखोबऱ्याचे करा. बांगडा आणि तारले मात्र सोडू नका, फक्त तळू नका. हुमण करा, किंवा तव्यावर थेंबभर तेलात भाजा.

घाटावर करडई आणि शेंगदाणा ही तेलं बरी. पण बरी म्हणून भांडं भरून वापरायची नाहीत. तेलाच्या पिशवीवर 'कोलेस्टेरॉल फ्री' लिहिलेलं बघून लोक भुलतात. अहो, कुठल्याच वनस्पती तेलात कोलेस्टेरॉल नसतं, डालड्यातही नव्हतं! डालड्याचा घात ट्रान्स फॅटमुळे. २०२२ च्या जानेवारीपासून तेला-तुपात आणि खाद्यपदार्थांत ते २ टक्क्यांवर नसावं असा नियम आहे. तरी चहाबरोबरची रोजची खारी कमी कराच.

आणि ट्रायग्लिसराइड. अण्णांचे ३१० होते. इथं आपलं मराठी घर चुकतं, कारण सगळं लक्ष तेलावर. ट्रायग्लिसराइड वाढतात ते भाताच्या दुसऱ्या वाढीनं, साखरेच्या चौथ्या चहानं, दारूनं आणि, हो, उपासाच्या साबुदाण्यानं. एकादशी, चतुर्थी, सोमवार धरून महिन्यात सात-आठ दिवस साबुदाणा खाणाऱ्या बायका मी बघते. त्यांना भगर आणि ताक सांगते, तेही बेतानं. जेवणात जवसाची किंवा कारळ्याची चटणी ठेवा.

आपल्याकडचा नमुनाच असा आहे. आयसीएमआर-इंडियाब नावाच्या पाहणीचा रक्तातल्या चरबीवरचा अहवाल २०१४ मध्ये आला, त्यात महाराष्ट्रही होता. १०० पैकी ७९ जणांत निदान एक तरी अंक बिघडलेला, आणि सगळ्यात जास्त बिघाड कमी एचडीएलचा, ७२ टक्के.

---

साळुंकी

मग एचडीएल वाढवायची गोळी नसते का?

---

स्टेथो

होती, नायसिन. आकडा वाढला, झटके कमी झाले नाहीत, म्हणून एक मोठी चाचणी २०११ मध्ये मध्येच थांबवली. एचडीएल हा घरच्या परिस्थितीचा आरसा समजा. चालणं वाढलं, पोट उतरलं, तंबाखू-सिगारेट सुटली की तो थोडा सुधारतो. औषधाचं लक्ष्य एलडीएल.

---

लीड्सकर

मी इंग्लंडमध्ये. आई सहा महिन्यांसाठी आलीय. इथं रक्त तपासलं, रिपोर्टवर एलडीएल ३.९. मला वाटलं किती छान! तिच्या जुन्या कागदावर तर १४०-१५० असायचं. मग नर्सनं समजावलं की इथलं एकक वेगळं, ३८.७ नं गुणायचं. म्हणजे १५१. परदेशात आई-वडील आणणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवा. मी आईला 'आता गोळी नको' सांगायच्या बेतात होते.

---

पानगळ

स्पीच थेरपिस्ट आहे. कोलेस्टेरॉलवर बोलणारे खूप आहेत, मी एवढंच सांगते. अण्णांची वाचा गेली असेल तर त्यांची समज गेली असं धरू नका. त्यांच्यासमोर त्यांच्याबद्दल बोलू नका. प्रश्न विचारून दहापर्यंत मनात मोजा. आपण घाईनं शब्द पुरवतो आणि तो माणूस गप्प होत जातो. ओव्या, अभंग, पाढे, वारांची नावं बऱ्याचदा आधी परत येतात. तिथून सुरुवात करा.

---

फळछाटणी

सगळ्यांचे मनापासून आभार. पानगळ, तुमचं वाचून आईला लगेच फोन केला. अण्णांना हरिपाठ पाठ आहे. "देवाचिये द्वारी" आई म्हणाली आणि "उभा क्षणभरी" त्यांच्या तोंडून सरळ आलं. नाव विचारलं तर अजून अडतं.

स्टेथो, एक प्रश्न. एमआरआयमध्ये डोक्याच्या आतली डावी रक्तवाहिनी ७५ टक्के अरुंद दिसली. चुलते म्हणतात, "हृदयाला स्टेंट टाकतात, मग डोक्यात का नाही टाकला? पैसे घालायची तयारी आहे." सांगलीच्या डॉक्टरांनी नको म्हटलं. आम्ही पुण्यात दुसरं मत घ्यावं का?

---

स्टेथो

दुसरं मत जरूर घ्या, तुमचा हक्क आहे. पण त्यांनी नको का म्हटलं असेल ते सांगतो. कवटीच्या आतल्या रक्तवाहिन्या अरुंद होण्याचं प्रमाण गोऱ्या लोकांपेक्षा आपल्या आशियाई लोकांत जास्त आहे. त्यावर अमेरिकेत सॅम्प्रिस नावाची चाचणी झाली, ४५१ रुग्ण. पहिल्या ३० दिवसांत स्ट्रोक किंवा मृत्यू: स्टेंटच्या गटात १४.७ टक्के, नुसत्या कडक औषधोपचारात ५.८ टक्के. २०११ मध्ये तिच्यात नवे रुग्ण घेणं थांबवलं. त्या 'कडक औषधोपचारा'त एलडीएल ७० च्या खाली, रक्तदाब ताब्यात, रक्त पातळ ठेवणारी गोळी, तंबाखू बंद, रोज चालणं हे सगळं होतं. तुमच्या चुलत्यांना सांगा, गोळी म्हणजे काही न करणं नव्हे. अण्णांच्या बाबतीत हाच मोठा इलाज आहे.

गोळीनं पाय दुखले तर स्वतः बंद करू नका, डॉक्टरांना सांगा. डोस कमी करता येतो, औषध बदलता येतं, एझेटिमाइब हे कोलेस्टेरॉलचं दुसरं औषध जोडता येतं. दुखणं दर वेळी गोळीमुळेच असतं असंही नाही, थायरॉइड तपासून घ्या. थायरॉइड मंद असलं की एलडीएलही वाढतं.

आणि तुम्ही भावंडांनी स्वतःची तपासणी करा. त्यात एकदाच 'लिपोप्रोटीन लिटल-ए' करून घ्या. हा एलडीएलसारखाच एक कण. त्याचं प्रमाण जन्मजात असतं, खाण्यापिण्यानं फारसं हलत नाही, म्हणून आयुष्यात एकदा पुरे. ५० च्या वर असेल तर धोका जास्त धरतो. नेहमीच्या लिपिड प्रोफाइलमध्ये ते येत नाही, मागून घ्यावं लागतं.

---

फळछाटणी

तीन आठवड्यांनी लिहितोय, द्राक्षाची धांदल होती.

पुण्याला दाखवलं. त्यांनीही स्टेंट नको सांगितलं, कारण तुम्ही दिलं तेच. अण्णांचा एलडीएल आता ६१, रोसुव्हास्टॅटिनसोबत एझेटिमाइब सुरू केलंय. गोळ्या आई देते आणि त्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर, दूध आणि मजुरांच्या नोंदींशेजारी, अण्णा डाव्या हातानं टिंब काढतात. एकही दिवस कोरा नाही.

मी आणि ताईनं रक्त दिलं. ताईचं सगळं ठीक. माझं वय ३६, एलडीएल १४४, आणि ते लिटल-ए ८८. डॉक्टर म्हणाले, लिटल-ए खाली आणायची औषधं अजून चाचण्यांत आहेत, तोवर एलडीएल जितका खाली ठेवता येईल तितका ठेवायचा. म्हणून मलाही गोळी सुरू झाली.

ग्रामपंचायतीच्या फलकावर मी आणि दोन मित्रांनी मोठ्या अक्षरांत लिहून लावलंय: तोंड वाकडं, हात लुळा, बोलणं अडखळलं तर तेल लावत बसू नका, १०८ लावा, आणि सीटी स्कॅन असेल तिथंच न्या. खाली जवळच्या सीटी मशीनचं अंतर किलोमीटरमध्ये. कबुतर आणायला निघालेला माणूस आमच्याबरोबर शिडी धरून उभा होता.

परवा अण्णांनी कप बाजूला सारून बशी मागितली. आईनं अर्धीच भरली.

लीड्सकर, तुमच्या आईंच्या रिपोर्टचं पुढं काय झालं? गोळी चालू आहे ना?